संरक्षण कोणाचें?

१८९७ सालच्या मार्च महिन्यांत पृथ्वीच्या पाठीवर दोन ठिकाणीं एकाच शत्रूविरुद्ध मोहीम चालू होती. इटलींतील व्हेनिस शहरीं युरोपांतील राष्ट्रांचे वकील व वैद्य एकत्र बसून, मुंबईंत उद्भवलेला प्लेग आपल्या बंदरांत शिरूं नये म्हणून कोणता बंदोबस्त करावा, याचा खल करीत होते. इकडे पुण्याच्या पेठांतून सोजिरांच्या टोळ्या घरोघर शिरून प्लेगचे रोगी हुडकून काढीत होत्या. पुण्यांतील घरझडत्यांस १३ मार्च रोजीं आरंभ झाला. व्हेनिसच्या करारावर १९ मार्च रोजीं सह्या झाल्या. आपण हें कशासाठीं करीत आहां, असें विचारलें असतां दोन्ही ठिकाणीं एकच उत्तर मिळालें असतें, तें म्हणजे सुरक्षिततेसाठीं. परंतु ही सुरक्षितता कोणाची, कशापासून आणि कोणत्या साधनांनीं साधावयाची, हे तीन प्रश्न दोन्ही ठिकाणीं मागेंच राहिले.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांत 'सुरक्षितता' या शब्दाच्या अर्थावरून गेलीं चाळीस वर्षें मोठा वाद चालू आहे. एक पक्ष जुना आहे. त्याच्या मतें सुरक्षितता म्हणजे राज्याची सुरक्षितता, धोका म्हणजे परराज्याच्या सैन्याचा धोका, आणि उपाय म्हणजे सैन्य, तह व सत्तेचा समतोल. दुसरा पक्ष नवा आहे. रोगराई, दुष्काळ, पाण्याची टंचाई, हवामानांतील फेरबदल, निर्वासितांचे लोंढे हींही सुरक्षिततेवरील संकटेंच होत, आणि त्यांचें मोजमाप राज्याच्या सीमेवरून न करितां सीमेच्या आंत राहणाऱ्या माणसाच्या जिवावरून करावें, असें त्याचें म्हणणें आहे. पहिल्या दृष्टीस पारंपरिक व दुसरीस अपारंपरिक असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा वाद बहुधा परदेशच्या उदाहरणांनीं मांडला जातो. वस्तुतः त्यांतील बहुतेक मुद्दे सव्वाशें वर्षांपूर्वीं आपल्याच उंबरठ्यावर उभे राहिले होते. म्हणून प्लेगच्या त्या इतिहासाच्या आधारें या दोन दृष्टींची पारख करून पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम जुन्या पक्षाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं. अथेन्सची वाढती सत्ता व तिची स्पार्टास वाटणारी भीति हेंच युद्धाचें खरें कारण, असा निष्कर्ष ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस यानें ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत काढला. पुढें युरोपांत तीस वर्षांचें युद्ध होऊन जर्मन मुलुखाची राखरांगोळी झाली आणि १६४८ सालीं वेस्टफालियाचे तह झाले. प्रत्येक राज्यानें आपल्या सीमेच्या आंत स्वतंत्र असावें व इतरांनीं त्यांत हात घालूं नये, या तत्त्वाचा उगम पुष्कळ लेखक तेथें शोधतात. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ सालीं व्हिएन्ना येथें जमलेल्या मुत्सद्यांनीं सत्तेचा समतोल सांभाळण्याची घडी बसविली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ सालीं वेल्समधील ॲबरिस्टविथ येथें आंतरराष्ट्रीय राजकारणाचें पहिलें अध्यासन निघालें, तें युद्ध पुन्हां होऊं नये या तळमळीनें. वीसच वर्षांनीं युद्ध पुन्हां झालें. त्यामुळें ई. एच. कार, हान्स मॉर्गेंथाऊ इत्यादि लेखकांनीं सदिच्छेपेक्षां सत्तेचा विचार आधीं करा, असें बजावलें. पोलंडसारख्या देशाच्या छातीवरून दोन शेजाऱ्यांचीं सैन्यें ज्यांनीं जातांना पाहिलीं, त्यांना सैन्यबळाचा विचार गौण वाटला नाहीं, यांत नवल नाहीं. ज्याच्या राज्यास सीमा राखतां येत नाहीं, त्याची प्रजा सुखी राहील अशी आशा व्यर्थ होय.

परंतु राज्यशास्त्राचे जुने आचार्य केवळ सैन्याचाच विचार करीत होते, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राज्याचीं सात अंगें सांगितलीं आहेत. त्यांत जनपद, म्हणजे प्रजा व मुलूख, यांचा क्रम दुर्गाच्या आधीं लागतो. जनपदावरील संकटापेक्षां दुर्गावरील संकट अधिक भयंकर, असें पराशराच्या अनुयायांचें मत होतें. कौटिल्य तें खोडून काढतो. दुर्ग, कोश व सैन्य यांचें मूळच जनपदांत आहे, असें त्याचें उत्तर आहे. याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट कंटकशोधन या चौथ्या अधिकरणांत सांपडते. तेथें राजानें प्रजेचें ज्यांपासून रक्षण करावें अशा आठ दैवी आपत्ति मोजल्या आहेत. त्यांत अग्नि, पूर, व्याधि व दुष्काळ यांच्याबरोबर उंदीरही आहेत. उंदरांचें भय उत्पन्न झाल्यास मांजरें व मुंगसें सोडावींत, दुष्काळ पडल्यास राजानें बीं व अन्न पुरवावें, असे उपायही दिले आहेत. प्लेगचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हें प्रकरण वाचतांना क्षणभर थांबल्यावांचून राहवत नाहीं.

आपल्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेलें आज्ञापत्र याच परंपरेंतलें आहे. संपूर्ण राज्याचें सार दुर्ग, ही त्यांची शिकवण सर्वश्रुत आहे. परंतु त्याच ग्रंथांत आरमारासाठीं लांकूड तोडण्याविषयींची ताकीदही आहे. आंबा व फणस यांचीं झाडें उपयोगीं पडण्याजोगीं असलीं तरी त्यांस हात लावूं नये. तीं वर्षा दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात. एकादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन, मग तोडावें, असा तिचा आशय आहे. आरमार हवें, पण तें ज्यांच्या रक्षणासाठीं बांधावयाचें त्यांचींच झाडें जबरीनें तोडून नव्हे, हा यांतला विवेक. एकोणिसाव्या शतकांतील बलाढ्य साम्राज्यांस नेमका याच विवेकाचा विसर पडला.

त्या शतकांत आगगाडी व आगबोट यांनीं जग जवळ आणलें, आणि व्यापाराच्या वाटेनेंच रोगही प्रवास करूं लागले. पटकीनें युरोपांतील शहरें हवालदिल केलीं. १८५१ सालीं पॅरिस येथें पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषद भरली. तिला बारा राज्यांनीं प्रत्येकीं एक वैद्य व एक राजनैतिक प्रतिनिधि पाठविला होता. पुढें १८६६ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनें पटकीचें माहेरघर हिंदुस्थान, असा निर्णय दिला. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या अधिकच जवळ आली. मग परिषदांमागून परिषदा भरल्या. पण एकमत होण्यास चाळीस वर्षें लागलीं, कारण प्रत्येक राष्ट्राचें शास्त्र त्याच्या हितसंबंधांच्या मागून चालत होतें. इंग्लंडचा व्यापार मोठा, म्हणून त्याच्या प्रतिनिधींस क्वारंटाइन निरुपयोगी वाटे. भूमध्यसमुद्राकांठच्या राष्ट्रांस साथीची भीति मोठी, म्हणून त्यांस तें अत्यावश्यक वाटे. या परिषदांत हिंदुस्थानचें नांव वारंवार निघे, पण तें रोगाचें उगमस्थान म्हणून. पटकीनें प्रत्यक्ष मरणारा बंगालचा कुळंबी किंवा पंढरीचा वारकरी यांची सुरक्षितता हा चर्चेचा मुख्य विषय नव्हता. धोका पूर्वेकडून येतो व तो वाटेंत अडवावयाचा, एवढ्यापुरतीच ती सुरक्षितता होती. म्हणजे विषय नवा, परंतु दृष्टि मात्र किल्ल्याच्या तटावरून पाहणारीच राहिली.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यानें प्लेग ओळखला. आपल्या वृत्तपत्रांनीं त्याला ग्रंथिक सन्निपात असें नांव दिलें. १८९१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती आठ लक्ष एकवीस हजारांवर होती. त्यांतील लाखों लोक पुढच्या कांहीं महिन्यांत गांव सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही देशावर व कोंकणांत पसरला. युरोपांतील सरकारांनीं हिंदी मालावर व प्रवाशांवर निर्बंध घालण्यास सुरुवात केली. व्यापार बुडेल या धास्तीनें हिंदुस्थान सरकारास जाग आली, आणि १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा पास झाला. त्यांत अवघीं चार कलमें होतीं. सरकारनें काय वाटेल तें करावें, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी, आणि सद्भावनेनें वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालूं नये, इतकें त्यांत स्पष्ट होतें; प्रजेचे हक्क कोणते, याविषयीं एक अक्षर नव्हतें.

पुण्यास प्लेगकमिटीच्या अध्यक्षपदीं वाल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी नेमले गेले आणि आठशेंहून अधिक अधिकारी व शिपाई त्यांच्या दिमतीस देण्यांत आले. रोग्यास इस्पितळांत न्यावें, त्याच्या सहवासांतील माणसांस छावणींत ठेवावें, घर धुवून काढावें, दूषित वस्तु जाळाव्या, अशी योजना होती. कागदावर तींत सौम्यतेच्या सूचनाही होत्या. परंतु परक्या भाषेचा शिपाई स्वैंपाकघरांत व देवघरांत शिरूं लागला, बायकांची तपासणी होऊं लागली, घरांतील माणूस कोठें नेलें याचा पत्ता लागेना, तेव्हां त्या सूचनांस कांहीं अर्थ उरला नाहीं. लोक रोग्यांस माळ्यावर लपवूं लागले. जी साथ दडपावयाची तीच घराघरांत दडून बसली. प्लेगपेक्षां प्लेगच्या बंदोबस्ताचें भय अधिक, अशी अवस्था झाली. पंडिता रमाबाईंनीं पुण्याच्या प्लेगव्यवस्थेंत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविषयीं वृत्तपत्रांतून जाहीर तक्रार केली. त्या वेळीं इंग्लंडांत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं सोजिरांच्या अत्याचारांविषयीं तेथें निवेदन केलें; परत आल्यावर पुराव्यास पुढें येण्यास कोणी धजेना, आणि त्यांस जाहीर माफी मागावी लागली. भयभीत प्रजेची साक्ष मिळत नाहीं, हें त्या प्रसंगानें दिसून आलें.

२२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली. ३ जुलै रोजीं ते मरण पावले. लेफ्टनंट आयर्स्ट हेही त्याच रात्रीं मारले गेले. चापेकर फांसावर चढले, आणि केसरींतील लेखांबद्दल टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुरक्षिततेच्या नांवानें सुरू झालेल्या मोहिमेनें सरकारची, प्रजेची व खुद्द अधिकाऱ्यांचीही सुरक्षितता उणीच केली.

परंतु त्याच पुण्याच्या परिसरांत दुसऱ्या तऱ्हेचेंही काम चालू होतें. सावित्रीबाई फुले यांनीं आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा केली, आणि तींतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजीं, म्हणजे सोजिरांच्या घरझडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधीं, त्यांनीं देह ठेविला. रोगी तोच, रोग तोच. एकानें त्याच्याकडे धोका म्हणून पाहिलें, दुसऱ्यानें धोक्यांत सांपडलेला माणूस म्हणून. पारंपरिक व अपारंपरिक दृष्टींतील भेद ग्रंथांतून समजून घेण्यास पुष्कळ पानें वाचावीं लागतात. पुण्याच्या त्या एका आठवड्यांत तो उघड दिसतो.

शेवटीं प्लेग हटला कशानें? डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९८ सालीं फ्रेंच वैद्य पॉल लुई सिमाँ यांनीं कराचीस प्रयोग करून उंदरावरील पिसू रोग पसरविते असें दाखविलें. तत्कालीन पंडितांनीं तें मानलें नाहीं. पुढें १९०५ पासून मुंबईंत परळच्या प्रयोगशाळेंत प्लेगसंशोधन मंडळानें काम केलें व तें मत खरें ठरलें. त्यावरून उमगलें, कीं शिपाई ज्याला घरांत शोधीत होते तो माणूस नव्हता. शत्रु आढ्यावर व धान्याच्या कोठारांत होता. मुंबईंतही ९ मार्च १८९८ रोजीं रोग्यास नेण्यावरून दंगा झाला, आणि त्यानंतर सरकारनें हळूहळू सक्ति सैल केली. लोकांच्या राजीखुषीनें लस, तात्पुरतीं झोंपडीं बांधून गांवाबाहेर राहणें, आपापल्या जातीचीं इस्पितळें काढण्यास मुभा, असे मार्ग धरले गेले. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन कोंदट वस्त्या फोडून रस्ते रुंद करण्याचें काम सुरू झालें. अर्थात् त्यांतही बेघर झालेल्या गरिबांची दैना झाली, हें विसरतां कामा नये. त्या साथीनें हिंदुस्थानांत पुढील तीन दशकांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. एवढे बळी त्या काळांत कोणत्याही परचक्रानें या देशांत घेतले नाहींत.

इतका मोठा अनुभव गांठीं असूनही विद्वानांचा सुरक्षिततेचा अर्थ पुष्कळ दिवस बदलला नाहीं. १९४६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेची घटना तयार झाली. सर्व लोकांचें आरोग्य हा शांतता व सुरक्षितता यांचा पाया आहे, असें तिच्या प्रस्तावनेंत नमूद आहे. परंतु त्याच सुमारास अमेरिका व रशिया यांचें शीतयुद्ध पेटलें, आणि सुरक्षितताशास्त्र म्हणजे अण्वस्त्रांचें गणित असें समीकरण होऊन बसलें. १९८६ च्या सुमारास जगांतील अण्वस्त्रांची संख्या सत्तर हजारांच्या घरांत गेली होती. मौज अशी, कीं हीं दोन वैरी राष्ट्रें देवीचा रोग नाहींसा करण्याच्या कामीं एकत्र आलीं, आणि १९८० सालीं तो पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. मनुष्यजातीच्या रक्षणाचें एवढें मोठें कृत्य सुरक्षिततेच्या ग्रंथांत मात्र क्वचितच गणलें गेलें.

१९८३ सालीं बॅरी बुझान या इंग्रज पंडितानें सुरक्षिततेचा अर्थ सैन्यापुरता आकुंचित ठेवणें बरोबर नाहीं, असें सविस्तर प्रतिपादन केलें. १९९४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकासकार्यक्रमाच्या अहवालांत पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल् हक यांनीं 'मानवी सुरक्षितता' ही कल्पना मांडून अर्थ, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्ति, समाज व राजकीय हक्क अशीं तिचीं सात अंगें सांगितलीं. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं सप्टेंबरांत सुरतेस प्लेगची हाकाटी झाली. मृत्यु शंभराच्या आंतच होते, परंतु लाखों लोक शहर सोडून पळाले आणि कित्येक देशांनीं हिंदुस्थानांतील विमानें व माल थांबविला. शंभर वर्षांपूर्वींचेंच चित्र पुन्हां डोळ्यांपुढें उभें राहिलें.

या नव्या विचारावर जुन्या पक्षाचा आक्षेप असा, कीं प्रत्येक दुःखास सुरक्षिततेचा प्रश्न म्हटलें तर त्या शब्दास अर्थच उरणार नाहीं. १९९१ सालीं अमेरिकन पंडित स्टीफन वॉल्ट यांनीं हा धोका दाखविला होता. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु त्याहून महत्त्वाची सूचना नव्या पक्षाच्या गोटांतूनच आली आहे. ओले व्हेव्हर व त्यांचे कोपनहेगन येथील सहकारी असें म्हणतात, कीं एकाद्या गोष्टीस 'सुरक्षिततेचा प्रश्न' हें नांव देणें ही निव्वळ वर्णनाची बाब नव्हे. तें नांव उच्चारतांच नेहमींचे नियम बाजूस सारण्याची मुभा सत्ताधाऱ्यास मिळते. पुण्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला याचें वेगळें प्रमाण नको. २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची साथ आली असतां सुरक्षा मंडळानें सप्टेंबरांत ठराव करून ती आंतरराष्ट्रीय शांततेस धोका असल्याचें म्हटलें. त्याच्या आदल्याच महिन्यांत लायबेरियाच्या राजधानींत एका गरीब वस्तीस सैन्यानें वेढा घातला, गोळीबारांत एक मुलगा प्राणास मुकला आणि सुमारें दहा दिवसांनीं तो वेढा उठवावा लागला. आपल्याकडे २०२० सालीं कोव्हिडच्या वेळीं १८९७ चाच तो कायदा पुन्हां पुढें आला. साथ अडविणें अवश्यच होतें. पण मार्चमधील टाळेबंदीनंतर मुंबई, पुणें, दिल्ली येथून डोईवर बोचकें घेऊन शेंकडों कोस पायीं निघालेल्या मजुरांचा विचार त्या बंदोबस्तांत कितपत झाला होता, हा प्रश्न आपल्या सर्वांच्या मनास अजून टोंचतो.

तेव्हां या वादाचा निकाल कसा लावावा? जुनी दृष्टि टाकून द्यावी असें आम्हांस वाटत नाहीं; सीमेवर सैन्य नसेल तर दवाखानाही टिकणार नाहीं. नवी दृष्टि स्वीकारावयासच हवी, कारण माणसाचे खरे मारेकरी पुष्कळदां गणवेष घालून येत नाहींत. परंतु केवळ संकटांची यादी वाढविल्यानें दृष्टि नवी होत नाहीं. यादींत प्लेग घातला आणि उपाय म्हणून घरांत शिपाई धाडला, तर विचार जुनाच राहिला. उलट ज्या घराच्या उंबऱ्याशीं पूर्वीं सत्तेस थांबावें लागे, तेथें तिला आंत शिरण्यास नवें निमित्त मिळालें. अपारंपरिक दृष्टीची खरी कसोटी ती कोणत्या संकटास नांव देते ही नसून, संकटांत सांपडलेल्या माणसास ती कोणत्या बाजूस उभें करिते ही होय. त्याला धोका समजलें, कीं तो लपतो, आणि त्याच्याबरोबर रोगही लपतो. त्याला आपला समजलें, कीं तो स्वतः दार उघडतो.

रामचंद्रपंतांनीं झाडाच्या धन्यास राजी करण्यास सांगितलें, तें केवळ दयेपोटीं नव्हे. राजी असलेली रयत हाच राज्याचा पहिला कोट, हें त्यांस ठाऊक होतें. पुढची साथ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. पण ती येईल तेव्हां बंदोबस्ताचा हुकूम लिहिणाऱ्यानें लेखणी उचलण्यापूर्वीं १८९७ चा पुण्याचा मार्च महिना एकवार आठवावा, एवढीच अपेक्षा आहे.